झाकणभर निरसं दूध

सोनई,
६ जानेवारी २०२५

विहीणबाई पुष्पावती यांना लंकाबाईचा सप्रेम जय भीम.

पत्र बघून दचकू नका, इकडं सगळं ठीक आहे. फोन सोडून कागद का काळा करते ते आधी सांगते. तुमचा फोन असतो हॉटेलच्या गल्ल्यावर आणि तुमचे हात असतात भज्याच्या पिठात. तुम्ही स्पीकर लावता. मी ‘हॅलो’ म्हटलं की तिकडून कुणीतरी म्हणतं, “दोन चहा, साखर कमी.” परवा तर माझ्या गुडघेदुखीवर नाशिकच्या कुणा गिऱ्हाइकानं औषध सांगितलं. आपल्या दोघींचं बोलणं दोघींतच राहावं म्हणून हा मार्ग काढला. सातवी पास आहे मी, आणि अक्षर तेव्हाही बरं होतं.

आता मुद्द्याचं. माझी निकिता तुमच्या घरी गरवार आहे, तिसरा महिना सरत आला. तुम्ही सुनेला काही कमी करत नाही हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या शिर्डीत दूध मिळतं ते पिशवीतलं. त्या दुधाला ना चव, ना जीव. म्हणून आजपासून आमच्या मैनेचं दूध रोज पाठवते आहे. मैना म्हणजे आमची तांबडी गाय, गरीब स्वभावाची. आमच्या गावचा सहादू फुलांचा टेम्पो घेऊन पहाटे निघतो आणि तुमच्या बसस्टँडच्या कोपऱ्यावर झेंडू उतरवतो. किटली त्याच्या शेजारच्या सीटवर बसून येईल. रिकामी झाली की परतीला द्यावी.

एकच सांगणं आहे. हे दूध तापवायचं नाही, निरसंच द्यायचं. माझ्या आईकडची रीत आहे, गरवार लेकीच्या दुधाला जाळ दाखवायचा नाही. ते उतू जाऊन विस्तवात पडलं तर तिकडं गाईच्या सडाला चिरा पडतात आणि इकडं बाळंतिणीला दूध उतरत नाही. मला सचिनच्या वेळी आणि निकिताच्या वेळी असंच निरसं दिलं होतं. दोन्ही पोरं कशी खणखणीत निघाली ते तुम्ही बघताच.

रोज संध्याकाळी मी निकिताला फोन करून विचारणार आहे, निरसं प्यायलीस का म्हणून. ती माझ्याशी खोटं बोलत नाही.

तुमची,
लंकाबाई


शिर्डी,
९ जानेवारी २०२५

लंकाबाई, तुम्हालाही मनापासून जय भीम.

किटली पोचली, पत्र पोचलं आणि सहादूची तक्रारही पोचली. तो म्हणतो, “मावशी, किटली सीटवर आन् मी निम्मा दारात. वळनावर ती माझ्या मांडीवर येऊन बसती.” त्याला प्लेटभर भजी देऊन गप्प केला.

नाशिकवाल्या गिऱ्हाइकाला नावं ठेवू नका. त्यानं सांगितलेलं तेल मी माझ्या गुडघ्याला लावून बघितलं, चांगला उतार आहे. एक बाटली सहादूबरोबर पाठवते.

आता दूध. काय सांगू तुम्हाला! माझा जन्म गेला हॉटेलात, रोज पातेली भरभरून दूध बघते, पण असं नाही बघितलं. अशी जाड साय धरते की चमचा उभा राहावा. निकितानं काल ती साखर घालून पोळीबरोबर खाल्ली आणि बोटं चाटली. उलट्या बऱ्याच कमी आहेत. किटली आणायला ती स्वतःच कोपऱ्यावर जाते. मी म्हटलं हर्षल जाईल, तर नवऱ्याला उठू देत नाही. “तेवढंच पाय मोकळं हुतात मम्मी,” म्हणते. गार हवेत जाऊन येते, गाल लाल करून येते. बघून बरं वाटतं.

दवाखान्यात दाखवून आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं व्यवस्थित आहे. खाण्यापिण्याचं बरंच काही सांगितलं त्यांनी, ते मी काटेकोर पाळते आहे. तुम्ही निर्धास्त असा.

पुष्पावती


सोनई,
२० जानेवारी २०२५

विहीणबाई,

पकडलं तुम्हाला! निरशा दुधाला साय येत नाही. रात्रभर ठेवलं तर वर मलईचा तवंग येतो, पण चमचा उभा राहील अशी साय यायची तर दूध तापावं लागतं. गाईच्या पोटाखाली बसून माझे केस पिकले. हे मला सांगता?

तुमचं पत्र वाचता वाचता तव्यावरची भाकरी करपली. म्हटलं, आत्ताच टेम्पोत बसते आणि शिर्डीला जाऊन या बाईचं पातेलं पालथं करते. मग आधी निकिताला फोन लावला. सरळच विचारलं, निरसं पितेस की तापवलेलं? ती म्हणाली, “निरसंच पिते की आई. तुझी शपथ.” माझी पोर माझी शपथ खोटी घेणार नाही. म्हणून तुमचा निम्मा गुन्हा माफ केला. साय कुठून आली तेवढं मात्र लेखी कळवा.

आणि हर्षलला समजवा. जावई म्हणून मी त्याला काही बोलत नाही, पण परवा फोनवर तो मला पाश्चराईज की काय ते शिकवत होता. डेअरीत दूध तापवतात आणि लगेच गार करतात म्हणे. शेवटी गारच करायचं होतं तर तापवलं कशाला? रिकामपणाचे उद्योग.

इकडं ऊसतोड जोरात चालू आहे. गाईंसाठी उसाची वाढं गोळा करत दिवसभर रानात फिरते, त्यामुळं संध्याकाळी अंग मोडून येतं आणि कणकण वाटते. वय झालं, दुसरं काय.

लंकाबाई


शिर्डी,
२४ जानेवारी २०२५

लंकाबाई,

घ्या लेखी. साय हॉटेलच्या दुधाची होती. एका हातानं भजी, एका हातानं पत्र, त्यात दोन पातेली एक झाली. झालं समाधान?

पण तुम्ही विषय काढलाच आहे तर मीही बोलते. पिशवीच्या दुधात जीव नसतो म्हणता. अहो, निरशा दुधात जीव असतात तोच तर त्रास आहे! डोळ्याला दिसत नाहीत असे बारीक जीव. त्यातले काही गरीब असतात, काही माणसाला आडवं करतात. डेअरीत ते मरण्यापुरतं दूध तापवतात, आणि राहिलेसाहिले पुन्हा वाढू नयेत म्हणून झटकन गार करतात. आपण घरी उकळतो त्यानंही ते मरतात. ताकद काही वाफेबरोबर उडून जात नाही. माझ्याकडं दूध आलं की आधी शेगडीवर चढतं, मग दुसरी गोष्ट. दर्शनाला आलेल्या एवढ्या गर्दीत आजवर एकाचं पोट माझ्या चहानं बिघडलं नाही.

आता कल्पना करा, म्हणजे नुसती कल्पनाच हं, की तुमच्या दुधाला मी एक उकळी काढली आणि थेंबभरही उतू जाऊ दिलं नाही. तर मैनेच्या सडाला चिरा पडतील का? सहज विचारते आहे.

कणकण अंगावर काढू नका.

पुष्पावती


सोनई,
११ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई,

नुसती कल्पनासुद्धा करायची नाही.

उत्तराला उशीर झाला, कारण घरात वाईट झालं. आमची तांबू गाभडली. तांबू म्हणजे मैनेची लेक, पहिल्यांदाच गाभण होती. सातवा महिना होता. वासरू मेलेलंच पडलं आणि वार आतच अडकली. मी हात घालून ती ओढून काढली, नाहीतर तांबूही गेली असती. मागच्या वर्षी मैनेचंही असंच झालं होतं. वासरू वेळेआधी आलं आणि जगलं नाही. शेजारची सुमनबाई म्हणते, गोठ्याला दृष्ट लागली. मी तसलं काही मानत नाही. पण तांबू रिकामी उभी राहून हंबरते तेव्हा नको ते विचार मनात येतात. माझ्या लेकीला जपा.

मैना ठणठणीत आहे, तिचं दूध चालूच ठेवलं आहे. माझी कणकण मात्र जात नाही. रात्री घामानं अंथरूण भिजतं, सकाळी कंबर धरते. मेडिकलमधून गोळी आणली आहे. सचिन म्हणतो, आई, दवाखान्यात चल. पण मी गेले तर धारा कोण काढणार?

लंकाबाई


शिर्डी,
१३ फेब्रुवारी २०२५

लंकाबाई,

तांबूचं वाचून जेवण गेलं नाही. मुकं जनावर, सांगणार तरी कुणाला.

पण एक बोलते, राग आला तर येऊ द्या. तुमची कणकण गेल्या महिन्याच्या पत्रात होती, या महिन्याच्याही पत्रात आहे. ऊस तुमच्या रानातला संपला असेल, कणकण संपली नाही. तुम्ही माणसांच्या दवाखान्यात जाणार नाही हे मी ओळखून आहे. निदान तांबूसाठी गुरांच्या डॉक्टरला तरी बोलवा. तिला तपासता तपासता त्यांनी तुमच्याकडं एकदा नजर टाकली तरी पुष्कळ.

पुष्पावती


सोनई,
२४ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई,

हे पत्र आधी एकट्या वाचा. आज किटली पाठवलेली नाही. कालच्यातलं दूध उरलं असेल तर ओतून टाका.

तुमचं ऐकून मी गुरांच्या डॉक्टर वृषालीताईंना बोलावलं होतं. त्यांनी तांबूचं आणि मैनेचं रक्त आणि दूध तपासायला नेलं. काल त्या परत आल्या. अंगणात उभ्या राहूनच त्यांनी विचारलं, “काकू, तांबूची वार कुणी काढली?”

“मीच की.”

“हातमोजे घातले होते?”

“मोजं कशाला? साबनानं हात धुतलं की नंतर.”

“घरात दूध कसं पिता? तापवून?”

“न्हाई. आमी पहिल्यापासनं निरसंच पितो.”

“आणि तुम्हाला संध्याकाळी ताप येतो ना?”

मी सचिनकडं बघितलं. त्यानं खाली मान घातली, म्हणजे त्यानंच सांगितलं होतं. मग ताईंनी बसून नीट समजावलं. ब्रुसेला म्हणून एक आजार असतो. गाय वरून धडधाकट दिसते, पण गाभ टाकते, आणि नंतरही तिच्या दुधातून तो आजार माणसात येतो. आमच्या मैनेला आणि तांबूला, दोघींनाही तो निघाला. मैनेला तर बहुतेक मागच्या वर्षापासूनच असणार. दूध उकळलं तर तो मरतो. डेअरीत तापवतात त्यातही मरतो. निरशा दुधात जिवंत राहतो. एवढं सांगून त्या म्हणाल्या, “घरात कुणी गरोदर आहे का?”

मी म्हटलं, “घरात न्हाई. शिर्डीला हाय.”

विहीणबाई, गरोदर बाईला तो झाला तर पोटातलं बाळ जाऊ शकतं म्हणाल्या. मला तांबूच दिसायला लागली. मी माझ्या हातानं रोज किटली भरली. लेकीला जपा म्हणून तुम्हाला लिहिलं आणि त्याच हातानं हे पाठवत राहिले. रोज फोन करून विचारलं, निरसंच प्यायलीस ना म्हणून. काल फोन उचलला आणि ठेवून दिला. तिला काय तोंडानं सांगू? तिला आजच्या आज दवाखान्यात न्या. माझं काय व्हायचं ते होऊ द्या.

लंकाबाई


शिर्डी,
२४ फेब्रुवारी २०२५, दुपार

लंकाबाई,

तुमचं पत्र वाचलं, हात पुसले आणि स्पीकर न लावता फोन केला. मी ‘उकळलंय, उकळलंय’ म्हणून ओरडत होते आणि तुम्ही रडत रडत म्हणत होता की मी तुमची समजूत काढते आहे. अख्ख्या हॉटेलला कळलं, तुम्हाला तेवढं कळेना. म्हणून हे लिहून देते. कागद हातात असला की परत परत वाचता येतो.

मी, पुष्पावती, सही करून सांगते की पहिल्या किटलीपासून कालच्या किटलीपर्यंत तुमचं सगळं दूध मी खळखळून उकळलं. निकिताच्या पोटात निरशाचा एक थेंब गेला नाही. डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं की गरोदर बाईला निरसं दूध अजिबात द्यायचं नाही. तुम्हाला तसं कळवलं असतं तर टेम्पोतून किटलीऐवजी तुम्हीच उतरला असता, म्हणून मी गप्प बसले. ती साय तुमच्याच दुधाची होती. निकिता तुम्हाला रोज ‘निरसंच पिते’ म्हणायची ती माझी अब्रू झाकायला. पोरीनं सासूसाठी आईची खोटी शपथ घेतली, तिच्यावर रागावू नका. माझ्यावर हवं तेवढं रागवा, मला आनंदच होईल.

आता डोळे पुसा आणि आधी स्वतःला दवाखान्यात दाखवा. सहादूला सांगितलं आहे, वाटेत कुठं चहाला थांबलास तर पुन्हा माझ्याकडं भजी मिळणार नाहीत.

पुष्पावती


शिर्डी,
२५ फेब्रुवारी २०२५

लंकाबाई,

हे फोनवर सांगायला माझी जीभ उचलली नाही.

काल तुम्हाला पत्र धाडलं आणि संध्याकाळी मी मोठ्या रुबाबात निकिताला आणि हर्षलला सगळं सांगितलं. मैनेचा आजार सांगितला, आणि माझ्या एका खोट्यानं कसं सगळ्यांना वाचवलं तेही सांगितलं. हर्षल हसला. निकिता हसली नाही. म्हणाली, “मम्मी, मी शपथ खोटी न्हवती घेतली.”

ती रोज सकाळी किटली आणायला जायची ना, तेव्हा टेम्पोच्या मागं उभी राहून किटलीचं झाकण उलटं करायची, त्यात थोडं दूध ओतून निरसंच प्यायची आणि मग उरलेलं माझ्याकडं आणायची. मी विचारलं, अगं पण का? तर म्हणाली, “आईशी मला खोटं बोलता येत न्हाई, आन् तुमचंबी मन मोडायचं न्हवतं. झाकनभर निरसं पिलं की आईला व्हय म्हनता येतं. बाकीचं सगळं तुमच्या हातचं.”

मला तिला रागवायचं होतं. तिला पोटाशी धरलं आणि मीच रडले.

लंकाबाई, आपण तिघींनी एकमेकींची मनं सांभाळली आणि बाळाचं कुणी बघितलं नाही. मी पहिल्याच पत्रात सरळ लिहिलं असतं तर तुम्ही माझ्याशी कडाकडा भांडला असता, आणि ते फार बरं झालं असतं.

आज सकाळीच तिला दवाखान्यात नेलं. ताप नाही, बाळाचे ठोके चांगले आहेत. रक्त दिलं आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार अंगात शिरला तरी लगेच दिसतोच असं नाही. हे रक्त चांगलं आलं तरी काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं. तोवर वाट बघण्याशिवाय काही हातात नाही. तुमच्यापासून आता काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून जसंच्या तसं लिहिलं.

पुष्पावती


सोनई,
२८ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई,

रागावले का म्हणाल, तर हो. आधी निकितावर रागावले, मग तुमच्यावर, मग मैनेवर, आणि फिरून फिरून माझ्यावरच येऊन थांबले. पोरगी माझ्या एका ‘हो’साठी ते झाकण तोंडाला लावत होती. असा कसला धाक घातला मी तिला?

माझं रक्त तपासलं. मला तोच आजार निघाला. दीड महिना रोज गोळ्या घ्यायच्या आहेत, मध्येच सोडल्या तर परत उलटतो म्हणाले. सचिन समोर उभा राहून गोळी गिळायला लावतो आणि वर तोंड उघडून दाखव म्हणतो. लहानपणी मी त्याला एरंडेल पाजायची, त्याचं उट्टं काढतो आहे.

घरात आता दूध उकळतो. पहिल्या दिवशी मी पातेल्यासमोर अशी बसले की पापणी हलवली नाही. वर आलं की फुंकर, वर आलं की फुंकर. थेंब सांडू दिला नाही. नंतर गोठ्यात जाऊन मैनेचे सड बघून आले. एकही चीर नव्हती. हसा, हसा, मला माहीत आहे तुम्ही हसणार.

मैनेला आणि तांबूला बाकीच्या दोन गाईंपासून वेगळं बांधलं आहे. मी म्हटलं विकून टाकते, तर वृषालीताई म्हणाल्या, दुसऱ्याच्या गोठ्यात आजार पाठवू नका. पटलं मला. आता हातमोजे घातल्याशिवाय कुणी त्यांच्या जवळ जात नाही.

निकिता फोनवर हसत बोलते. मीही हसते. फोन ठेवला की दिवसभर कशातच जीव लागत नाही. तिचं बाळ नीट राहिलं पाहिजे, बाकी मला या जगात काही नको. रक्ताचं कळलं की त्याच मिनिटाला फोन करा. स्पीकर लावा नाहीतर भोंगा लावा. शिर्डीभर ऐकू गेलं तरी चालेल.

लंकाबाई


शिर्डी,
२५ मार्च २०२५

लंकाबाई,

फोनवर सांगितलं आहेच, तरी तुम्हाला लेखी लागतं म्हणून लिहिते. निकिताचं पहिलं रक्तही स्वच्छ होतं आणि कालचं दुसरंही स्वच्छ आहे. बाळ वजनानं चांगलं आहे आणि पोटात दिवसभर दंगा घालतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नशीब चांगलं म्हणायचं, पण नशिबावर पुन्हा दूध पिऊ नका.

फोनवर तुमचा नुसता श्वास ऐकू येत होता. मी घाबरले. मग सचिननं फोन घेतला आणि म्हणाला, “मावशी, काय न्हाई. आई उंबऱ्यात बसलीय. रडतीय बी आन् हसतीय बी.”

मी हॉटेलातल्या सगळ्यांना चहा फुकट दिला. एका कुटुंबानं विचारलं, मुलगा झाला की मुलगी? म्हटलं, अजून पोटातच आहे, पण नीट आहे. त्यांनीही उठून अभिनंदन केलं.

पुढच्या महिन्यात तिला सातवा लागेल. पहिलं बाळंतपण माहेरी, त्याप्रमाणं ती सोनईला येणार. तुमच्या अंगात ताकद आली असेल तर कधी पाठवू ते कळवा. खरं सांगते, तिच्याशिवाय इथं मला करमणार नाही. पण हक्क तुमचा आहे.

पुष्पावती


सोनई,
५ एप्रिल २०२५

विहीणबाई,

हे पत्र मी लिहून दोनदा फाडलं. ताप गेला आहे, अंगात ताकद आहे.

मी निकितासाठी मागची खोली रंगवून घेतली होती. नवी बाज आणली, शेकशेगडीसाठी गोवऱ्या रचून ठेवल्या. परवा वृषालीताई आल्या होत्या. त्यांना कौतुकानं खोली दाखवली, तर त्या बाहेर जाऊन गोठ्याची भिंत बघून आल्या. मग म्हणाल्या, “काकू, बाकीच्या दोन गाई जून-जुलैत विणार आहेत. त्यांचं रक्त आज चांगलं आहे, पण विताना काय निघेल ते मी सांगू शकत नाही. गोठा तुमच्या भिंतीला भिंत लावून आहे. यंदा पोरीला आणि बाळाला इथं आणू नका.”

दोन दिवस मी त्यांच्यावर चिडून बसले. पहिलं बाळंतपण आईनंच करायचं असतं. माझ्या आईनं माझं केलं, तिच्या आईनं तिचं. गल्लीतल्या बायका विचारतात, लेक कधी येणार? मी सांगते, येणार नाही. का म्हणून विचारलं की मैनेचं सांगते, माझ्या तापाचं सांगते, झाकणाचंही सांगते. लाज वाटते, तरी सांगते. सुमनबाईची सून गरवार आहे, तिच्या घरी परवापासून दूध शेगडीवर चढलं.

विहीणबाई, निकिताचं बाळंतपण तुमच्याकडंच करा. हे माझ्या तोंडूनच यायला पाहिजे होतं. रीत माझी होती, मोडायची तर मीच मोडली पाहिजे. बाळ एकदा वाचलं आहे, पुन्हा मी त्याच्या जिवाशी खेळणार नाही.

आता एक मागणं. मला मागायची सवय नाही, त्यामुळं नीट जमणार नाही. तिच्या बाळंतपणाला मला तुमच्याकडं राहू द्याल का? माझ्या गोळ्या तोवर संपलेल्या असतील आणि डॉक्टरांचा होकार घेऊनच येईन. इथलं सगळं सचिन बघेल. मी हॉटेलात भांडी घासीन, भजी तळीन, सांगाल ते करीन. लेकीजवळ एक कोपरा मिळाला की झालं.

लंकाबाई


शिर्डी,
७ एप्रिल २०२५

लंकाबाई,

कोपरा मिळणार नाही. आमच्याकडं सगळ्या कोपऱ्यांत गॅसच्या टाक्या आहेत. तुम्हाला निकिताची खोली मिळेल. हर्षलला सांगितलं, तुझी उशी उचल आणि बाहेर ये. तो कुरकुरत उशी शोधतो आहे.

तुमचं पत्र मी निकिताला मोठ्यानं वाचून दाखवत होते. ‘लेक येणार नाही’ या ओळीवर तिनं कागद माझ्या हातातून घेतला. पुढचं तिनं वाचलं. वाचून झाल्यावर बराच वेळ तो कागद पोटावर धरून बसली.

बाळंतपणाला जुलै उजाडेल, तोवर वाट कशाला बघता? जयंती झाली, गोळ्या संपल्या, डॉक्टर हो म्हणाले की या. भांडी घासायला माणसं आहेत. भजी तळायची नाहीत, तुमच्या हातची भजी मी साखरपुड्यात खाल्ली आहेत. भांडायला मात्र भरपूर वेळ ठेवा, आपलं बरंच राहिलं आहे.

तुमच्यासाठी काम एकच आहे. मी निकिताला विचारलं, तुझी आई येते आहे, तिला काय काय करून घालायला सांगू? मला वाटलं लाडू म्हणेल, पुरणपोळी म्हणेल. ती म्हणाली, “मम्मी, रोज सकाळचं दूध आईला उकळू द्या.”

मोठी शेगडी घासून ठेवली आहे. या.

पुष्पावती